भाडेकरीण

आई शेजारणींना सांगायची, नोल्फा भाडेकरीण आहे.
भाडं काय देते, हे कुणी विचारलं नाही.
बेटाच्या दक्षिण टोकाला आमचं गाव,
त्यापुढे नुसता समुद्र आणि सॅमनचे पिंजरे.
माझी थोरली बहीण एर्सिरा रात्रपाळीला मासे चिरायची,
शेजारी उभी राहून नोल्फा चिमट्याने काटे उपसायची.
दोघींच्या बोटांना एकच वास,
लिंबानेही न जाणारा.

त्या पगारातून घरावर नवे पत्रे चढले,
बाबांची कवळी आली,
मागच्या अंगाला एर्सिराची खोली उभी राहिली,
आणि मी मुख्य भूमीवर शिकायला गेलो.
पाकीट येत होतं तोवर आईला
त्या खोलीतल्या दोन उशा दिसल्या नाहीत.
गरज आंधळी नसते.
डोळे मिटून बसते, आणि पापणीच्या फटीतून नोटा मोजते.

मग लाल भरतीचं वर्ष आलं.
शिंपल्यांत विष उतरलं, धक्क्यावर टायर जळले,
कारखान्याला कुलूप.
तिसऱ्या महिन्यात पाकीट आलं नाही
आणि आईला दिसलं.
बारा वर्षं जे ताटात वाढलेलं होतं
ते एका दुपारी पाप झालं.
धाकटा आनिबाल म्हणाला, जमीन बाबांची आहे,
आणि पोरंबाळं असलेला मी एकटा.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. टाळत होतो.

मी सान्तियागोत चौदाव्या मजल्यावर राहतो,
गीदोबरोबर, सहा वर्षं झाली.
आई एकदा येऊन गेली. लिफ्टमध्ये तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.
गीदोने तिचे गुडघे चांगल्या डॉक्टरला दाखवले,
निघताना वॉशिंग मशीन घेऊन दिलं.
गावात ती सांगते, आमच्या इंजिनिअरचा मित्र, फार गुणी.
माझ्या दाराला आतून कडी आहे,
तिचे हप्ते मी दर महिन्याला फेडतो,
म्हणून आत जे आहे ती खासगी बाब.
एर्सिराच्या दाराला पडदा होता.
एका आईची दोघं, मन एकाच वळणाचं,
मधे फक्त पगारपत्रक.
आणि माझं पगारपत्रक तिनेच तर लिहिलं,
रात्रपाळीत, एकेक काटा उपसून घेतल्यासारखं.

तिने वाद घातला नाही.
म्हणाली, जमीन तुमची, फळ्या माझ्या.

आमच्याकडे घर हलवायचं तर मोडत नाहीत.
खाली ओंडके सारतात, बैल जुंपतात, सारा गाव ओढतो.
मजुरी म्हणजे पोटभर जेवण.
आनिबालच्या घराला साठ माणसं आली होती, वर अकॉर्डियन.
एर्सिराच्या खोलीला आली नऊ:
कारखान्यातल्या सात बाया, पांढऱ्या गमबुटांत,
मी,
आणि आपली जोडी घेऊन म्हातारा बेलार्मिनो.
त्याला कुणीतरी टोकलं असावं, कारण तो आपणहून बोलला:
बैलांना कोण कुणाजवळ निजतं ते कळत नाही.
त्यांना चढ कळतो.

नोल्फाच्या मावशीच्या शेतापर्यंत दीड किलोमीटर, सगळा चिखल.
पहिल्या पन्नास पावलांतच दोराने माझे तळवे सोलले.
एर्सिराने पाहिलं. आपले हातमोजे काढून दिले.
आणि सहज, दम घेता घेता विचारलं,
हात कमी पडताहेत. तुझा कुठे आहे?

रजा मिळाली नाही, म्हटलं.
गीदोकडे रजा मागायला मी सांगितलंच नव्हतं.
तिने मान हलवली. पिंजऱ्यातला मासा मेलेला आहे की नाही
हे तिला दुरूनही कळतं.

आई कुंपणाशी उभी होती, ओच्यात हात गुंडाळून.
खोली तिच्या समोरून कलत, कण्हत निघाली.
वाऱ्याने पडदा बाहेर आला, आणि क्षणभर सगळ्यांना दिसलं
पलंग, दोन उशा, भिंतीवरचं कॅलेंडर.
आम्ही सगळे थांबलो. बैलही.

आई ओरडली,
खिडकी लावून घ्या गं, काच फुटेल.