कडेला टेकवा

हिराजी माधवींचा मॉनिटर जाड पाठीचा,
त्यांनी तो घणसोली गावातून सेक्टर सातच्या माझ्या दुकानापर्यंत
सायकलच्या कॅरिअरवर, गोधडीत बांधून आणला.
एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट,
त्याहून एक ठिपका जास्त झेपत नाही त्याला.
मी तरी हट्टाने सोळाशे बाय बाराशे दिलं.
काळोख.
मग निळ्या चौकटीत तीन शब्द : आऊट ऑफ रेंज.
काका म्हणाले, "हापिसाच्या खिडकीवं पन आसाच बोलतान."

पेनड्राइव्हमध्ये एकच फाइल,
मोजणीचा जुना नकाशा, घड्यांच्या रेघांसकट स्कॅन केलेला,
कोपऱ्यात कुणाच्या तरी चहाचा गोल.
पडद्यात मावेल एवढा केला
की सर्व्हे नंबरांच्या मुंग्या व्हायच्या.
मोठा केला तर बाजूची सरकपट्टी
त्यांच्या बोटांना सापडेना. बोटं थरथरतात,
माऊस धरतात ते फावड्याचा दांडा धरावा तसा, अख्ख्या मुठीत.

म्हणून कॉन्फिगची फाइल उघडली,
स्क्रीनच्या विभागात, डिस्प्लेच्या पोटात
एक ओळ घातली :
व्हर्च्युअल ३२०० २४००.
जतन केलं. एक्स बंद, एक्स चालू.

"व्हर्च्युअल म्हंजे खोटा काय?"
नाही काका. आहे, सगळं आहे,
एका वेळी दिसत नाही एवढंच.
बाण कडेला टेकवा आणि ढकलत राहा.

त्यांनी ढकललं.
पडदा हलला, म्हणजे पडदा तिथेच,
आतली जमीन सरकली.
जिथे आज स्टेशन आहे तिथे खाजणाची तुटक रेघ,
मग बांध, मग उघाडी,
मिठागराचे चौकोन एकाला एक चिकटलेले.
काका मोठ्याने वाचत होते, नंबर नव्हे, नावं.
नकाशात नावं नव्हती.
एकशे चौदा पैकी तीनवर थांबले.
पुन्हा उजवीकडे ढकललं.

बाण काठावर आपटून तिथेच राहिला.
"आता कं नाय सरकत?"
संपलं काका. इथवरच आहे.
"संपला कसा? बापाचा शेत आजून पुरं हाय.
त्यो आकडा वारव."

मी सांगत बसलो : कार्डाची मेमरी बत्तीस एमबी,
बत्तीसशे गुणिले चोवीसशे, ठिपक्याला चार बाइट,
हिशेब तिथेच भरतो, पुढे एक्स उठणारच नाही.
शिवाय उरलेलं शेत दुसऱ्या शीटवर असणार,
ती शीट कुठल्या कपाटात, कोण जाणे.

ते ऐकत नव्हते.
बोट काचेवर होतं, एकशे चौदाच्या उघड्या टोकाला.
तिथून ते प्लास्टिकच्या चौकटीवर आलं,
चौकटीवरून खाली टेबलावर,
बिलबुकाला वळसा घालून,
स्क्रूंच्या डबीपाशी जरासं अडखळून
(इथे म्हणे पाणी साचायचं)
सरळ माझ्या सोल्डरिंग गनकडे निघालं.

गन तापलेली होती.
मी ती उचलून बाजूला घेतली.