आवाज बसला त्या हिवाळ्यात

निफाडला पारा चारवर आला त्या आठवड्यात
माझा आवाज बसला.
प्रवासी बसतो तसा बसला,
खिडकी धरून, उठायचं नाव नाही.

पहाटे पाचला, ठक्कर बाजारच्या केबिनमध्ये
माईकचं बटण दाबलं,
‘दिंडोरी-वणीमार्गे सुरगाण्याला...’
इथवर आले आणि पुढे नुसती फुंकर.
अख्ख्या स्टँडवर कर्ण्यातून हवा गेली.
कबुतरंसुद्धा उडाली नाहीत.

शेवाळे म्हणाले, मिठाच्या गुळण्या करा मॅडम,
साधी गोष्ट आहे.
साधीच. मान मागे टाकून,
छताच्या जळमटांकडे बघत गुळगुळत राहिले.
घसा जरा निवला.
मग खोकला आला,
जागा रिकामी व्हायची वाटच बघत होता जणू.

मग ज्यानं त्यानं आपापलं घर आणलं.
भोये ड्रायव्हरनं बोरगावहून अडुळसा,
तिकिटांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत:
‘वाफवायचा, पिळायचा, मध घालायचा,
आणि तोंड वाकडं नाही करायचं.’
वर्कशॉपच्या शकूरभाईंनी उन्नाब आणि जेष्ठमधाची पुडी,
ग्रीसचं बोट उमटलेली,
‘अम्मीचा जोशांदा आहे, उकळून अर्धा होऊ द्या.’
नणंदेनं फोनवर सांगितलं, कांदा ठेचून गुळात.
लासलगावच्या मुलीला कांदा सांगते!
तोही खाल्ला.
रात्री लवंग दिव्यावर भाजून दाढेत धरली.
नवरा उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेला,
भिंतीपलीकडचे दातार
माझ्या प्रत्येक उबळीनंतर खाकरायचे,
पोच द्यावी तसे.

सिव्हिललाही जाऊन आले. छातीचा फोटो स्वच्छ.
डॉक्टरीण म्हणाली, आवाजाला सुट्टी द्या.
सुट्टीचा अर्ज असतो आमच्यात.
कारणाच्या रकान्यात काय लिहू?
साहेबांनी नोंदवहीवर बसवलं,
माईक शेवाळ्यांकडे. ते एका दमात
तीन गाड्या सांगून मोकळे होतात.

सहाव्या फलाटाच्या खांबाला टेकून
मोहाडीच्या लंकाबाई पेरू विकतात.
पाट्या वाचता येत नाहीत. पाठ गाड्यांकडे, तोंड गिऱ्हाइकाकडे.
अकरा वर्षं बाई माझ्या बोलण्यावर घरी गेली,
आणि मला पत्ता नाही.
त्या पंधरवड्यात दोनदा तिची गाडी चुकली.
एकदा तर पिंपळगावला जाऊन उतरली.

एका संध्याकाळी केबिनची काच वाजली.
मला वाटलं, तक्रार.
पदराच्या टोकात धरलेला पेरू होता,
चहावाल्याच्या निखाऱ्यावर भाजलेला,
साल काळी, फुटलेल्या जागी मीठ.
खोकल्यावर पेरू? मी कागदावर लिहिलं,
मग आठवलं, आणि कागद चुरगळला.
हातानंच विचारलं.

‘कच्चा खोकला आणतो, भाजलेला नेतो.
गरम हाय तवर खा.
तू नको बोलू.
मी थांबती की.’

खाल्ला. टाळूला चटका बसला,
बिया दातांत अडकल्या,
नाकाडोळ्यांतून पाणी.
ती काचेपलीकडे उभी,
मी शेवटचा घास गिळेपर्यंत,
औषध पाजणाऱ्या नर्ससारखी कडक.

पेरूनं गुण आला की अडुळशानं,
की मकर संक्रांतीनंतर थंडीच मऊ झाली,
कोण सांगणार.
सगळा गेला असंही नाही.
मंगळवारी माईक परत हातात घेतला,
बटण दाबलं,
आणि पहिला आला तो खोकला.
दोनदा, खणखणीत, सगळ्या फलाटांवर.

शेवाळे हसले. मी काचेतून पाहिलं:
लंकाबाईनं वजनं पिशवीत टाकली,
टोपलीवर ओलं फडकं ओढलं,
चुंबळ डोक्यावर नीट केली.

मी अजून गावाचं नाव घेतलं नव्हतं.