आठ उरल्या

सावद्यात बसस्टँडसमोर माझं मेडिकल.
मार्गशीर्षातली संध्याकाळ, केळीचे ट्रक निघायची वेळ,
शाल डोक्यावरून घेऊन इच्छाबाई झांबरे आल्या.
ब्लाउज शिवणाऱ्या. अर्ध्या गावाची मापं तोंडपाठ.

"डोकं धरलं रे प्रमोद. मंगयवारी एकदम धरलं ते धरलं.
आन् सुईले दोन नेढे दिसतात.
कोन्त्यात ओवू?"

उजवी पापणी अर्धी उतरलेली,
दुपारी जेवायला जाताना मी शटर ओढतो तशी.
आतली बाहुली मोठी, काळीभोर,
ट्यूबलाइटखाली असूनही अंधारात बसल्यासारखी.
मी बघत राहिलो तर हसल्या,
"डोया नाही मारत मी तुले!"
मीही हसलो.
दहा गोळ्यांची स्ट्रिप, बामची लहान डबी,
एकोणचाळीस रुपये. एक रुपया सुटा नव्हता,
चॉकलेट दिलं.

रविवारी जावयाच्या मळ्यात भरीत होतं.
पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झालेली,
इच्छाबाई बडगीत मिरची-लसूण कुटत होत्या.
मुसळ वर गेलं आणि तिथेच थांबलं.
त्यांनी मागे वळून पाहिलं. म्हणाल्या,
"कोनं मारलं मले?"

मागे कोणी नव्हतं.
विहीर होती. केळीची पानं होती.

मग उलटी. मग मान लाकडासारखी,
मग जाळाचा उजेडही सोसेना, पदर तोंडावर.
कोणी म्हणालं पित्त, कोणी म्हणालं विहिरीवरचं वारं,
कोणी मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या.
जळगाव तासाभरावर,
आणि गाडीची चावी ज्याच्या खिशात
तो पंगतीत बसलेला. त्याला कोणी उठवलं नाही,
ताटावरून कसं उठवायचं?

"मेंदूतली शीर फुगलेली होती," डॉक्टर म्हणाले म्हणे.
"आधी एकदा थोडी झिरपली असेल.
काही सांगितलं होतं का त्यांनी? कुणाला?"

तेराव्यानंतर तुळशीराम झांबरे दुकानात आले.
सदऱ्याच्या खिशातून स्ट्रिप काढली.
"दोन खाल्ल्या तिनं. आठ उरल्या. परत घेशीन?"
फोडलेली स्ट्रिप परत घेत नाही, तशी पाटीच आहे.
मी वीस रुपये ठेवले.
त्यांनी बोटांवर हिशेब केला
आणि चार रुपये काचेवर सरकवले.

तेव्हापासून डोकेदुखीची गोळी मागितली की विचारतो:
हळूहळू चढलं, की वीज पडावी तसं?
आयुष्यात असं कधी दुखलं होतं?
हनुवटी छातीला टेकवा. इकडे बघा, उजेडाकडे.
"गोयी दे ना भाऊ, परीक्षा काय घेतो!"
वैतागून समोरच्या दुकानात जातात.
बहुतेकांना पित्तच असतं, मला कळतं ते.

आज केळी कापणाऱ्या टोळीतला पोरगा आला,
गुलसिंग पावरा, बनियनवर चिकाचे काळे डाग,
एक हात मानेवर.
"कधी धरलं?"
"सकाळी. घड उतरवताना.
वाटलं, घडच पडला डोक्यावर.
पण घड तर खांद्यावरच होता."

गोळ्यांच्या खणाकडे माझा हात गेला नाही.
तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती, एकाच्या हातात चिठ्ठी.
गाडीची चावी घेतली, शटर ओढलं.
अर्ध्यावर अडकलं.
तसंच ठेवलं.