चाळीस मीटर वर

ग्डिनियाच्या धक्क्यावर, चौथ्या क्रेनच्या केबिनमध्ये
एकोणीस वर्षं आम्ही दोघं बसायचो,
मी आणि ती.
आता खुर्ची एकट्याची.
काचेवर आतून तिचा पिवळा पापुद्रा आहे,
व्हिनेगर लावून तीनदा पुसला,
कोपऱ्यांतून हटत नाही.

खालून वायरलेसवर झेनेक विचारतो,
"बोगुमिल, जिवंत आहेस ना?"
मी म्हणतो, "ट्रेलर डावीकडे घे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तलफ तीन मिनिटं टिकते.
त्यांनी कधी ओढलेली नसावी.
माझ्या हिशेबाने ती दोन कंटेनर टिकते,
वारा असला तर तीन.
निळा कंटेनर उचलतो,
घशात कुणीतरी नख फिरवतंय.
जहाजाच्या कठड्यावरून तो सरकतो,
माझा उजवा हात खिशाकडे निघालाय, मला न विचारता.
कंटेनर टेकतो, कड्या सुटतात,
हात खिशात पोचलेला असतो
आणि तिथे सूर्यफुलाच्या बिया.
टरफलं थुंकायला थोटकांचाच जुना डबा.
झेनेक वर आला होता एकदा, म्हणाला,
ही केबिन आहे की पोपटाचा पिंजरा?

पाचव्या दिवशी मी चमच्यावरून भांडलो.
कुठला चमचा ते आता आठवत नाही.
हाल्श्काला आठवतं.

मग नाक परत आलं.
ते सगळ्यात आधी येईल, असं कुणी बजावलं नव्हतं.
हेरिंग, ग्रीस, भिजलेला दोर,
जिन्यात तिसऱ्या मजल्यावरची उकडती कोबी,
आणि खुंटीवर माझा स्वतःचा कोट.
बाप रे, तो कोट.
एकोणीस हिवाळे ती तो हातात घेऊन टांगत आली
आणि एका शब्दानं बोलली नाही.
बोललीही असेल.
मी खिडकीत उभा असायचो, बाहेर तोंड करून.

सव्विसाव्या दिवशी मेव्हण्याचा नामदिन.
आतल्या खोलीत केक होता, मावश्या होत्या,
हशा मात्र सगळा बाल्कनीतून येत होता.
मी नुसता हवा खायला गेलो.
एक झुरका.
एकाला पाठची भावंडं असतात, हे मला माहीत होतं.
चार ओढल्या.
परतताना ट्राममध्ये... नाही, ट्रॉलीबसमध्ये,
हाल्श्का माझ्या शेजारच्या सीटवर बसली,
मग उठून मागे जाऊन बसली.

कॅलेंडरवरच्या पंचवीस फुल्या मी खोडल्या नाहीत.
सव्विसावा चौकोन कोरा आहे.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तशी नजर तिथे जाते.
सत्ताविसाव्यात पुन्हा फुली.

सुंभ जळतो, पीळ राहतो.
मी राख झालेला दोर आहे,
अजून तसाच वळलेला.
हात लावू नका, एवढंच.

काल वादळ होतं.
काम बंद, लिफ्ट बंद, उतरायलाही मनाई.
उचलायला कंटेनर नाही,
म्हणजे मोजायला काही नाही.
केबिन डोलत होती
आणि ती आली, जुन्या ओळखीची,
दार न वाजवता.
आता काय मागायचं तेही तिला सुचत नव्हतं बहुतेक,
नुसतं एक थांबणं मागत होती,
काडी पेटण्याआधीचं,
जेव्हा मी कुणाचंच काही लागत नसे.

खाली गोदामाच्या आडोशाला
लाल टाचणीएवढं काहीतरी पेटलं.
मी काचेला कपाळ लावलं.
झेनेकनं वर पाहिलं असावं,
कारण ठिणगी एकदम हाताआड गेली,
एखादा सभ्य माणूस
कपडे बदलताना पाठ वळवतो तशी.

"पाहतोयस?" वायरलेस खरखरला.
"पाहतोय."
"मग बघू नकोस."

वारा काही उतरेना.
मी खिशातल्या बिया मांडीवर ओतल्या, मोजल्या.
एकतीस.