ताप

संमतीपत्राच्या सतराव्या पानावर होतं:
'आपणांस औषध, अथवा औषधासारखे दिसणारे द्रव्य.'
म्हणजे पाणी? मी विचारलं.
रुक्सानाबाई म्हणाल्या, मलाही माहीत नाही.
डॉक्टरांनाही नाही.
आंधळी कोशिंबीरच म्हणायची,
फक्त पट्टी सगळ्यांच्याच डोळ्यांवर.

फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात
आठवड्याच्या तीन सुया.
सोमवारी डावी मांडी, बुधवारी उजवी,
शुक्रवारी पोट, बेंबीपासून चार बोटं सोडून.
मोरेश्वर टोचतो. कॅशियरचा हात,
दहा मोजल्याशिवाय सुई काढत नाही.

परळला दर तीन महिन्यांनी
पंचवीस फूट चालायचं, घड्याळ लावून.
मग पाटी: नऊ भोकं, नऊ खुंट्या.
बावीस वर्षं लालबागला काज-बटण केलेली बाई मी,
न बघता दोरा ओवणारी.
आता खुंटी भोकाच्या काठावर थरथरते,
आत जात नाही.
चव्वेचाळीस सेकंद.
लिहिताना रुक्सानाबाई वर बघत नाहीत.

बाकड्यावर केणीबाई कुजबुजल्या,
खऱ्या सुईनं ताप येतो हो. हुडहुडी भरते, अंग मोडून येतं.
मला येतो,
असं म्हणाल्या, की जणू मुलगी पास झाली.

मला येत नाही.
रात्री दोनला थर्मामीटर झटकते:
अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.
मोरेश्वर कपाळाला हात लावतो,
मग उलटा हात लावून बघतो,
आणि काही न बोलता कूस वळतो.

परवा माहीमला शीतळादेवीला गेलो.
सासूबाईंनी इथेच दोन्ही मुलांचा ताप
उतरवून घेतला होता, गार दहीभाताच्या नैवेद्यावर.
मी हात जोडले आणि शब्दच फुटेना.
जी आयुष्यभर उतरवत आली
तिला कसं म्हणू, बाई, जरा चढव?
एक अंश.
अर्धा चालेल.

रुक्सानाबाईंनी समजावलं होतं,
कुणाच्या तरी वाट्याला पाणी यावंच लागतं,
नाहीतर औषधाचा हिशेब लागत नाही.
पटलं होतं मला. सही केली होती,
सरळ, बऱ्यापैकी.

शुक्रवारी मध्यरात्री अंग शहारलं.
पंखा पाचावर होता.
ते मी सांगितलं नाही.
म्हटलं, पांघरूण दे रे.

तो उठला, अंधारात स्टूल अडखळलं,
आणि माळ्यावरच्या दोन्ही गोधड्या घेऊन आला.