मूठ आणि वाटा

हेमांगीला अठरा पुरी झाली त्या आठवड्यात
बँकेतला माणूस म्हणाला,
आता सही तिची लागेल, तुमची चालणार नाही.
मी म्हटलं, ती लिहीत नाही.
मग पालकत्वाचा कागद आणा.
मला हसू आलं. रोज हिची वेणी घालतो मी,
आता कागद आणून बाप व्हायचं.

ओरोसला तीन खेपा झाल्या.
पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर.
दुसऱ्या खेपेला त्यांनी तिला चौकोनात चौकोन बसवायला दिले,
शंभराची नोट दाखवली, आज वार कुठला विचारलं.
तिने वार सांगितला नाही,
भरती किती वाजता ते सांगितलं.
ते कुठल्या रकान्यात बसेना.
पंचाहत्तर टक्के, असं लिहून आलं.

येताना एसटीत कंडक्टरने कार्ड उलटंपालटं केलं,
तिच्या तिकिटाला सवलत, माझंही अर्धं,
मला म्हणाला, "साथीदार".
मालवण येईपर्यंत मी तो शब्द तोंडात घोळवत होतो.

पंचाहत्तर म्हणजे
तिच्यातलं गेलं किती, की उरलं किती?
रापणीत टक्के नसतात. वाटे असतात.
होडीचा, जाळ्याचा, आणि दोराला हात लागला त्या प्रत्येकाचा.
हेमांगी सहाव्या वर्षापासून दोराचं शेपूट धरते,
वाळूत टाचा रोवून, मागे रेलून,
आणि वाटे घालून झाले की तांडेल तिच्या ओच्यात
मूठभर तारल्या टाकतो. घे गो बाय.
मूठ. वाटा नव्हे.
मला त्यात कधी काही खुपलं नाही.
मीच तर वही लिहायचो:
ओढणारे बावीस.
पायांचे ठसे तेवीस जणांचे.

तिसऱ्या खेपेला समिती.
टेबलाच्या टोकाला एक सदस्य, आरोलकर,
कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.
मी पाठ करून गेलो होतो:
बायको वारली, माझी साठी झाली, छातीत कळ येते,
माझ्यानंतर हिचं –
त्यांनी हात वर केला. खुर्ची तिच्याकडे वळवली.
"हेमांगी, ह्यो तुझो बापूस तुझ्यासाठी सही करूक मागता.
करूंदे मां?"

तिच्याबद्दल विचारलं होतं सगळ्यांनी.
पंखा फिरत होता. मी तिच्या वतीने तोंड उघडलं.
"तुमका नाय इचारलंय."

ती टेबलाची कड चाचपत राहिली,
ओला दोर चाचपावा तशी.
मग म्हणाली,
"करूंदे. पण माका वाटो व्हयो. मूठ नको."

मूठ म्हणजे? लेखनिकाने विचारलं.
मी वहीचं सांगायला हवं होतं.
म्हटलं, आमच्याकडचं बोलणं आहे, साहेब.
आरोलकर माझ्याकडे बघत राहिले.
सही तुमची, पण पैसा तिचाच.
दर वर्षी हिशोब द्यावा लागेल, माहीत आहे ना?
माहीत नव्हतं.
अंगठ्याची शाई तिने घरापर्यंत पुसू दिली नाही.

परवा रापण लागली. तारल्या थोड्या, बांगडा बरा.
तांडेल ढीग घालायला बसला. मी वही उघडली.
तेवीस, मी म्हटलं.
"कोण वाढलो रे?"
ती मागेच उभी होती, दोर अजून हातात.
दोघंतिघं हसले. "तिका खय कळता!"
तांडेल हसला नाही. ढीगही मोडले नाहीत त्याने.
"उद्या बघया," म्हणाला.

माझ्यातला अर्धा तिला देता आला असता.
ते सोपं होतं, आणि तेच तर करत आलो होतो.
मी वही मिटली नाही. कावळे जवळ सरकत होते.

तेव्हा ती वाकली.
पहिल्या ढिगातला एक बांगडा उचलून मोकळ्या वाळूवर ठेवला.
दुसऱ्यातला एक.
तिसऱ्यातला.
कुणी तिचा हात धरला नाही.
माझ्या ढिगाशी येऊन जरा थांबली,
आणि दोन घेतले.