दुनाळी, वर-खाली

लष्करात, सराफ्यामागच्या गल्लीत
हमीदुद्दीन मिस्त्री बंदूक आधी बघत नाहीत,
ऐकतात.

पुढचं लाकूड काढून त्यांनी ती कानाशी हलवली.
काही खुळखुळलं नाही.
नळ्या सुट्या करून बोटावर टांगल्या,
नखाने टिचकी.
नाद टेम्पोच्या हॉर्नला ओलांडून गेला.
"झाळकाम पक्कं है, तेलंग साब."

आणि ही बदकं? मी विचारलं.
पोलादावर तीन उडत होती, पीस न् पीस कोरलेलं.
"मशीनची. त्यांचे पैसे देऊ नका.
खटका बघा.
नवा उजवीकडे बसतो, झिजत झिजत मधे येतो.
हिचा अजून उजवीकडेच आहे."

साडेतीन लाख. त्यात माझा पीएफ,
बायकोच्या दोन पाटल्या.
काचेत नऊ लाखांचीही होती;
दुसऱ्याच्या ताटात बघू नये, नाही बघितलं.

मृण्मयीने डोळे मिटून खांद्याला लावली,
उघडले:
माशी मधोमध.
"दस्ता मात्र अर्धा इंच कापावा लागेल,
हात बापावर गेलेत," मिस्त्री म्हणाले,
आणि ती कितीतरी दिवसांनी हसली,
राज्य स्पर्धेत उसन्या बंदुकीने
सहा तबकड्या हुकल्यापासून पहिल्यांदा.

मग तिने नळ्या मिटल्या.

बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी
मी बँकेच्या स्ट्राँगरूमचं दार लावलं.
तो आवाज मला झोपेतही कळतो:
आदळणं नव्हे,
बसणं.

घ्यायची तेव्हाच ठरली.
घासाघीस नंतर केली, रीत म्हणून.
वीस हजार सुटले.